कळफलक आवडीचा, अक्षरे सगळ्यांची: गोव्यात मराठी टंकलेखन पहिल्यापासून शिकताना

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी मला पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात त्यांच्या भजनी मंडळाची आरत्यांची आणि अभंगांची वही होती. वीसेक वर्षांपूर्वी एका छपाईच्या दुकानात टाइप करून घेतलेली. फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे. काकांना वाटले, फाइल बिघडली. फाइल धड होती. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली होती तो माझ्या संगणकावर नव्हता आणि तो फॉन्ट काढून घेतला तर त्या फाइलमध्ये मराठी असे काही उरतच नव्हते. शेवटी छापील प्रत समोर ठेवून आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून सगळे पुन्हा टाइप केले. काका वाचत होते, मी टाइप करत होते.

फोंड्याजवळच्या आमच्या गावात, वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मी मराठी टंकलेखन शिकवते. शाळेतली मुले येतात, नाटक बसवणारे येतात, निवृत्त मास्तर येतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच: ‘मराठीसाठी कुठला कीबोर्ड चांगला?’ या प्रश्नात चार वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. ते आधी सोडवून घेऊ, म्हणजे पुढची पायरी सोपी होते.

पायरी पहिली: चार गोष्टी वेगळ्या ओळखा

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या हाताखालचा कळफलक, प्लास्टिकचा. दुसरी म्हणजे मांडणी: कोणती कळ दाबली की कोणते अक्षर यावे हे ठरवणारा संगणकातला तक्ता. तिसरी म्हणजे संकेत: ते अक्षर संगणक कोणत्या क्रमांकाने साठवतो. चौथी म्हणजे फॉन्ट, अक्षराचा पेहराव.

यातली मांडणी पूर्णपणे तुमच्या आवडीची. फॉन्टही आवडीचा. संकेताच्या बाबतीत मात्र आवडनिवड चालत नाही, तिथे सगळ्यांनी एकच वापरायचा. तो म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरीला त्यात १२८ घरे मिळाली. मराठी, कोंकणी, हिंदी, संस्कृत आणि नेपाळी त्याच घरांतून लिहिल्या जातात. युनिकोडमध्ये ‘क’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो. काकांची वही ज्या पद्धतीची होती, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा डीव्हीबी योगेश यांसारख्या जुन्या फॉन्टची, तिथे संगणक आत रोमन अक्षरच साठवतो आणि फॉन्ट त्यावर मराठी चित्र चढवतो. छपाईच्या धंद्याला त्या फॉन्टनी अनेक वर्षे हात दिला, हे मी मानते. पण आज नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. दुकानदार म्हणाला, ‘आमच्याकडे असेच चालते’, तर त्याला छापायला पीडीएफ द्या आणि मूळ युनिकोड फाइल स्वतःजवळ ठेवा.

पायरी दुसरी: हाताखालचा कळफलक पाहून घ्या

बाजारात मिळणारे बहुतेक कळफलक अमेरिकी पद्धतीचे असतात, आडव्या एंटरचे. त्यांच्यावर मराठी अक्षरे छापलेली नसली तरी काही अडत नाही. संगणक कळेवरचे अक्षर वाचत नाही, कळेची जागा ओळखतो.

आपल्याकडे मात्र एक खास अडचण येते. कितीतरी घरांतले लॅपटॉप इंग्लंडहून, पोर्तुगालहून किंवा आखातातून आलेले असतात. कुणाचा मुलगा तिकडे असतो, कुणाची मावशी. युरोपातल्या कळफलकांची बांधणी जराशी वेगळी असते: एंटर उभा असतो, डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जास्तीची कळ बसवलेली असते. त्यामुळे अमेरिकी कळफलकावर एंटरच्या वर असलेली उलट्या तिरक्या रेघेची कळ तिथे खाली उतरते आणि मधल्या ओळीत एंटरला चिकटून बसते. इनस्क्रिप्ट या मांडणीत (तिची ओळख पुढच्या पायरीत) ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ नेमका याच कळेवर आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने पंधरा दिवस ‘डाक्टर’ लिहिले, कारण पुस्तकातल्या चित्रात दाखवलेली कळ तिच्या लॅपटॉपवर त्या जागी नव्हती. तुमचा लॅपटॉप बाहेरून आला असेल तर आधी एंटरचा आकार पाहा.

कळांवर चिकटवायची देवनागरी स्टिकर मिळतात. घेऊ नका असे मी सांगते. आमच्याकडच्या पावसाळ्यात ती महिन्याभरात सुटतात आणि बोटांना चिकटतात, पण खरे कारण वेगळे आहे. स्टिकर असले की डोळे खाली जातात आणि बोटे कधीच शिकत नाहीत. त्यापेक्षा मांडणीचा तक्ता कागदावर काढून पडद्याच्या शेजारी लावा, शक्यतो स्वतःच्या हाताने काढलेला.

पायरी तिसरी: मांडणी निवडा

इथे घाई करू नका. निवड एकदाच करायची आणि निदान महिनाभर तिच्याशी राहायचे. दर आठवड्याला मांडणी बदलणाऱ्याचे बोट कुठेच बसत नाही.

लिप्यंतर. रोमनमध्ये उच्चार लिहायचा, संगणक देवनागरी करून देतो. फोनवर बहुतेक लोक हेच वापरतात. पहिल्या दिवसापासून लिहिता येते, हा मोठा फायदा. तोटा असा की शब्द तुम्ही लिहीत नाही, संगणकाने पुढे केलेल्या शब्दांतून निवडता. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ यांचा निर्णय संगणकाकडे जातो. आपल्या गावांची आणि आडनावांची तर तो वाटच लावतो. ओळखीचे शब्द त्याला येतात, ‘मये’ आणि ‘पर्ये’ येतीलच असे नाही.

ध्वन्यात्मक मांडणी. दिसायला लिप्यंतरासारखीच, पण हिच्यात अंदाज नसतो, ठरलेला नियम असतो. रोमन ‘के’ दाबले की ‘क’, शिफ्टसह दाबले की दुसरे ठरलेले अक्षर. विंडोजमध्ये २०१९ पासून आयते मिळणारे ‘मराठी फोनेटिक’ नावाने असे वाटले तरी तेही शब्द सुचवते, म्हणून ते लिप्यंतरातच धरा. इंग्रजी टाइपिंग आधीच पक्के असेल तर तुम्ही ध्वन्यात्मक मांडणीवर लवकर रुळाल.

रेमिंग्टन. जुन्या मराठी टंकयंत्राची मांडणी. हिच्यात अक्षर जसे दिसते तसे टाइप करायचे. पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर. अर्धे अक्षर आधी, मग काना. ज्यांनी तरुणपणी टंकयंत्रावर परीक्षा दिली, त्यांच्या बोटांत ती इतकी मुरलेली असते की त्यांना दुसरे काही शिकवणे अन्याय होईल. अशा मास्तरांना मी वेगळे सॉफ्टवेअर बसवून देते, जे रेमिंग्टनच्या कळा घेते आणि युनिकोड लिहिते. नवख्याने मात्र ही निवडू नये.

इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेली, १९८८ मध्ये सुधारलेली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात आलेली मांडणी. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे ती आयती असते, काही उतरवून घ्यावे लागत नाही. पहिला आठवडा जड जातो. त्यानंतर जी मोकळीक मिळते ती मला तरी दुसऱ्या कुठल्या मांडणीत मिळाली नाही.

माझी आवड उघड आहे: संगणकावर इनस्क्रिप्ट, फोनवर लिप्यंतर. माझी वहिनी ध्वन्यात्मक मांडणीवर माझ्याइतक्याच वेगाने आणि माझ्याइतकेच शुद्ध लिहिते, आणि तिने बदलावे असे मला कधी वाटले नाही. दोघींच्या फाइल एकमेकींकडे जशाच्या तशा उघडतात, कारण खाली संकेत एकच आहे.

तरी नवख्याला मी इनस्क्रिप्ट सुचवते, त्याचे गोव्यापुरते एक जास्तीचे कारण आहे. इथे मराठी लिहिणारा माणूस बहुधा कोंकणीही लिहितो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही सोय राहिली. सकाळी कोंकणीत अर्ज, संध्याकाळी मराठी नाटकाची संहिता, असे आपल्याकडे चालतेच. इनस्क्रिप्टवर दोन्हींसाठी बोटे एकाच जागी पडतात. एवढेच कशाला, कन्नडची मांडणी निवडली तरी ‘क’च्या जागी कन्नड ‘क’ आणि ‘त’च्या जागी कन्नड ‘त’ येतो, कारण सगळ्या भारतीय लिप्यांसाठी आराखडा एकच ठरवलेला आहे. लिप्यंतरात हा ठेवा मिळत नाही.

इंग्रजी मांडणीच्या आवडीनिवडीबद्दलही मुले विचारतात. क्वर्टी, म्हणजे इंग्रजी कळफलकाची नेहमीची मांडणी, १८७४ मध्ये बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन टंकयंत्राबरोबर आली. टायपिस्टला मुद्दाम हळू करण्यासाठी ती तशी केली, ही गोष्ट जितक्या ठामपणे सांगतात तितका ठाम पुरावा तिच्यामागे नाही. १९३६ मध्ये ड्वोराक यांनी आपल्या मांडणीचे पेटंट घेतले, २००६ मध्ये कोलमॅक नावाची मांडणी आली. दोन्हींचे चाहते आहेत. तुम्ही इंग्रजीसाठी त्यांतली एखादी वापरत असाल तर खुशाल वापरा, मराठी इनस्क्रिप्टवर तिचा काही परिणाम होत नाही. पोर्तुगालनेही १९३७ मध्ये टंकयंत्रांसाठी स्वतःची मांडणी हुकूम काढून ठरवली होती. तिची वरची ओळ एच, सी, ई, एस, ए, आर अशी सुरू व्हायची. गोव्यावर तेव्हा त्यांचेच राज्य होते. पुढे पोर्तुगालनेच ती सोडली आणि क्वर्टी घेतली. सरकारने ठरवले म्हणून मांडणी टिकत नाही, लोकांच्या बोटांत बसली तर टिकते. इनस्क्रिप्ट बोटांत बसावी म्हणूनच मी शनिवारी शिकवते.

पायरी चौथी: संगणकावर मराठी सुरू करा

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा, तिथे ‘लँग्वेज अँड रिजन’, मग ‘ॲड अ लँग्वेज’. मराठी शोधून निवडा. या वेळी ‘विंडोजची भाषा हीच करा’ अशा अर्थाची एक चौकट दिसेल, ती रिकामी ठेवा, नाहीतर सगळे मेन्यू मराठी होतात आणि घरातले बाकीचे गोंधळतात. मराठी यादीत आली की तिच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा आणि ‘कीबोर्ड्स’खाली काय आहे ते पाहा. नुसते ‘मराठी’ म्हणजे इनस्क्रिप्ट. ‘मराठी फोनेटिक’ म्हणजे लिप्यंतर. एकच ठेवा, दोन्ही ठेवलेत की भलत्या वेळी भलतीच सुरू होते. कोंकणी हवी असेल तर तीही याच यादीत आहे.

भाषा बदलायला विंडोज कळ धरून स्पेस दाबा. कोपऱ्यात कोणती भाषा सुरू आहे ते दिसते, तिकडे नजर टाकायची सवय लावा. पासवर्ड चुकतोय असे वाटले की आधी तिथेच पाहा. दहापैकी आठ वेळा मराठी सुरू असते.

पडद्यावर कळफलक पाहायचा असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. शिफ्ट दाबून धरली की त्यावरची अक्षरे बदलतात, शिकताना ते फार उपयोगी पडते. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या भागात ‘इनपुट सोर्सेस’ असतात, तिथे देवनागरी मिळते. लिनक्सवर आयबस हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर बसवले की मराठीच्या अनेक मांडण्या दिसतात. फोनवर गूगलच्या जीबोर्ड कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’खाली मराठी घ्या, तो लिप्यंतर हवे की देवनागरी कळा हे तिथेच विचारतो.

पायरी पाचवी: इनस्क्रिप्टचे तर्कशास्त्र समजून घ्या

पाठ करायला बसू नका. ही मांडणी आपल्या वर्णमालेवर उभी आहे, ती समजली की अर्धे काम होते.

डावा हात मुख्यतः स्वरांचा, उजवा मुख्यतः व्यंजनांचा. मराठीत व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येतात, म्हणून हातही आलटून पालटून चालतात. स्वरचिन्ह नुसत्या कळेने येते, तोच पूर्ण स्वर शिफ्टसह येतो: ‘ई’ची रोमन कळ दाबली की काना, शिफ्टसह ‘आ’. व्यंजनांचेही तसेच. क नुसता, ख शिफ्टने. ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ सगळे असेच जोडीने बसलेले. शाळेत म्हटलेली बाराखडी इथे कामाला येते.

सगळ्यांत सुंदर कळ म्हणजे रोमन ‘डी’. नुसती दाबली की अक्षराचा पाय मोडतो, शिफ्टसह दाबली की ‘अ’ येतो. पाय मोडणे म्हणजे व्यंजनातला ‘अ’ काढून घेणे, म्हणून ही दोन एका घरात राहतात. मला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा ज्यांनी ही मांडणी आखली त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

जोडाक्षर करायला पहिले व्यंजन, पायमोड, दुसरे व्यंजन. वेलांटी पहिली असो की दुसरी, नेहमी व्यंजनानंतर टाइप करायची. ‘डिचोली’मध्ये वेलांटी दिसते आधी, पण बोट आधी ‘ड’वर जाते. म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने लिहायचे.

रफाराला लोक अडतात, म्हणून दोन गावे लक्षात ठेवा: पर्वरी आणि प्रियोळ. पर्वरीत र आधी उच्चारला जातो, मग व. म्हणून र, पायमोड, व. प्रियोळमध्ये प आधी, मग र. म्हणून प, पायमोड, र. रफार कुठे चढवायचा आणि तिरकी रेघ कुठे काढायची ते संगणक पाहतो. तुम्ही फक्त मोठ्याने म्हणा आणि त्या क्रमाने कळा दाबा.

पायरी सहावी: चार आठवड्यांचा सराव

रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे चांगली.

पहिला आठवडा मधल्या ओळीचा. डाव्या हाताला ओ, ए यांच्या मात्रा, पायमोड, पहिली वेलांटी, पहिला उकार. उजव्या हाताला प, र, क, त, च, ट. एवढ्यात केवढे शब्द होतात पाहा: परत, पोट, रोप, चिकट, कोपरे, पत्र, कुत्रे. आपला केपे तालुकाही याच ओळीत मावतो: रोमन के, एस, एच, एस. आणि ‘तर्क’ व ‘चक्र’ ही जोडी रोज दहा वेळा लिहा. रफार आणि खालची रेघ दोन्ही एकाच ओळीत पक्के होतात, बोट कुठेही हलवावे लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ. काना, दुसरी वेलांटी, दुसरा उकार, ऐ आणि औ यांची चिन्हे डावीकडे. ब, ह, ग, द, ज, ड उजवीकडे. काजू, गाडी, बाजू, कुडचडे. काना इथे आला म्हणजे आता खरी वाक्ये लिहिता येतात.

तिसऱ्या आठवड्यात खालची ओळ: अनुस्वार, म, न, व, ल, स, आणि टोकाला तिरक्या रेघेवर य. मये लिहा, तीनच कळा. मोले, वास्को, सांगे लिहा. मग शिफ्टची अक्षरे. ‘ण’ हा म च्या कळेवर, ‘ळ’ ल च्या, ‘श’ स च्या, आणि ‘ष’ स्वल्पविरामाच्या कळेवर शिफ्टसह. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह ५ ला ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र. ॅ शिफ्टसह २ वर.

चौथ्या आठवड्यात बारा तालुके. तिसवाडी, बार्देश, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण, सासष्टी, मुरगाव. या बारा नावांत रफार आहे, ण आहे, ष्ट आहे, त्त आहे, अनुस्वार आहे. कळफलकाकडे न पाहता बाराही नावे बिनचूक उतरली की तुम्हाला टंकलेखन आले असे मी मानते. वेगाची चिंता नको. माझ्याकडच्या एका मास्तरांना सहा आठवडे लागले आणि आज ते वाचनालयाची सगळी पत्रे लिहितात.

विरामचिन्हांनी गडबडू नका. अर्धविरामाची कळ ‘च’ने घेतली आहे, अवतरणचिन्हाची ‘ट’ने. ती हवीत तेव्हा क्षणभर इंग्रजीवर जाऊन या. अंकांचेही एकदा तपासून घ्या, तुमच्या मांडणीतून देवनागरी अंक येतात की रोमन. लेखात देवनागरी शोभतात, पण ऑनलाइन अर्जातल्या मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात ते बहुधा घेतले जात नाहीत.

पायरी सातवी: मराठीपुरत्या तीन खाचाखोचा

ही पायरी वगळू नका. हिंदीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत या गोष्टी नसतात.

पहिली, अर्धा र. दर्या आणि दऱ्या. आपल्या पश्चिमेला दर्या, सत्तरीच्या डोंगरांत दऱ्या. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात शिफ्टसह र, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग पायमोड आणि य. फरक एका शिफ्टचा. दसऱ्याला, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, सगळीकडे हाच ऱ. हाच आकार पूर्वी दुसऱ्या पद्धतीनेही काढत: साधा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एका फाइलमध्ये दोन्ही पद्धती मिसळल्या की ‘दसऱ्या’ शोधून अर्धेच सापडतात.

दुसरी, ‘ॲप’मधला ॲ. मराठीसाठी त्याला युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र घर मिळाले. त्याआधीची माणसे अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, अजूनही काही ठेवतात. आणि हिंदीत ए वर चंद्र ठेवून ऍ लिहितात. तुमच्या मांडणीत कोणता येतो ते पाहा आणि मराठीत ॲ वापरा.

तिसरी, ल आणि श यांचे आकार. पुष्कळ फॉन्टमध्ये ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. शाळेत शिकलेला, पाकळीसारखा ल आणि गाठीचा श हवा असेल तर मराठीसाठी आखलेला फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळतो आणि पुस्तकी मजकुराला छान दिसतो. फॉन्ट बदलला म्हणून मजकुरातले एकही अक्षर बदलत नाही, निवांत प्रयोग करा.

शिवाय चुका सुधारताना एक लक्षात ठेवा: बॅकस्पेस एकेक चिन्ह खातो. ‘स्त्री’वर एकदा दाबला की आधी फक्त वेलांटी जाते. म्हणून चुकलेली मात्रा सुधारायला अख्खे अक्षर खोडू नका.

गोव्याबाहेरच्या वाचकाला गरज पडणार नाही अशी एक सोयही इथेच सांगते. जुने दस्तऐवज, चर्चमधल्या नोंदी किंवा पोर्तुगीज वळणाची आडनावे रोमनमध्ये बिनचूक लिहायची वेळ आपल्यावर येते. शेपटीचा सी, डोक्यावर नागमोडी रेघ असलेले ए आणि ओ. त्यासाठी इंग्रजीखाली ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ ही मांडणी घ्या. एकेरी अवतरणचिन्ह आणि मग सी दाबले की शेपटीचा सी येतो, नागमोडी चिन्ह आणि मग ए दाबले की नागमोडी ए. कुणाचे आडनाव शेपटीशिवाय लिहिणे म्हणजे आपले आडनाव कुणी काना गाळून लिहिण्यासारखेच आहे. रुपयाचे चिन्ह ₹ मात्र या मांडणीत शोधू नका. त्यासाठी ‘इंग्लिश इंडिया’ घ्या, उजवी ऑल्ट आणि ४.

पायरी आठवी: जुने साहित्य सोडवून आणा

घरात, मंडळात, वाचनालयात जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतीलच. नाटकांच्या संहिता, जत्रेच्या पत्रिका, स्मरणिका. त्या फॉन्टचे नाव फाइलमध्येच लिहिलेले असते: मजकूर निवडा आणि फॉन्टच्या रकान्यात पाहा. त्या फॉन्टपासून युनिकोड करून देणारी परिवर्तके मिळतात. परिवर्तन झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घालायचाच. चुका बहुधा ठरावीक जागी निघतात: रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, ऱ्य चा र्य होतो, श्र आणि त्र फुटतात. या पाच जागा आधी शोधा, मग सलग वाचा. जाणत्या माणसाला मोठ्याने वाचायला बसवा. अभंगातला शब्द चुकला की म्हणणाऱ्याची चाल अडते आणि चूक लगेच कळते.

मूळ फाइल पुसू नका. नव्या फाइलला स्पष्ट नाव द्या आणि नावात वर्ष घाला.

आणि काम संपल्यावर एक तपासणी न चुकता करा. फाइल स्वतःच्या फोनवर पाठवा, मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर. दोन्हीकडे उघडून एखादा शब्द शोधून पाहा, शक्यतो ‘ऱ्य’ असलेला. काकांची वही मी त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवली तेव्हा त्याने ‘वाऱ्या’ शोधला आणि तो जिथे होता त्या तिन्ही ठिकाणी सापडला. त्या वर्षीच्या चवथीला मुले फोनवर पाहून आरती म्हणत होती, काका मात्र छापील वहीच घेऊन बसले होते.